लाली गेल्यावर

बाबाचा पहिला धडा शाळेच्या आधीचा:
लाली गेली म्हणून हात लावायचा नाही.
उद्यमबागेतल्या शेडमध्ये डबा घेऊन गेलेली मी,
काळ्या वाळूत पंपाच्या बॉड्या निजलेल्या,
करड्या, निमूट, जणू कधीच्या गार.
मागून भीमशी ओरडला, "बिशी ऐती, मुट्टब्याडा!"
आणि मी हात मागे घेतला
अर्थ कळायच्या आधी.

मग बाबाने माझा तळवा धरला कास्टिंगच्या वीतभर वर.
"बघ," म्हणाला.
डोळ्यांना काही दिसेना.
तळव्याला दिसलं.

त्या दिसण्याचं नाव पुढे पुस्तकात सापडलं: अवरक्त.
लालच्या खालच्या पायरीवर बसलेला उजेड,
उंबऱ्याच्या आत न घेतलेला.

आता त्याच्यावरच माझं पोट.
पडद्यावर एक आकाशगंगा आहे,
नाव नाही, यादीतला नुसता नंबर.
आमच्यात हिला जवळची म्हणतात:
उजेडाच्या पायांनी दोन कोटी वर्षं.
शिनोळी इथून बसने पाऊण तास,
आणि ती पलीकडची.

तिथे दोन ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्यात
विरळ, फारच विरळ वायू, आणि त्यात कार्बन.
बाबा वाळूत कालवायचा ती कोळशाची पूड,
तिचाच सख्खा कण, एक इलेक्ट्रॉन हरवलेला.
हायड्रोजनचा धक्का लागतो, तो थरथरतो,
मग मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढी
एक लाट सोडून देतो
आणि वायू तेवढ्यापुरता निवतो.
निवला तरच आत ओढला जाणार,
आत ओढला गेला तरच तारा.
हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वहीच्या कडेला लिहिलं होतं:
ऊब टाकल्याशिवाय पेटता येत नाही.
मग खोडलं. प्रबंधात असलं चालत नाही.

हा उजेड टिपायची दुर्बीण हेलियमने गोठवून ठेवावी लागते,
नाहीतर तिला दिसते फक्त
स्वतःच्याच अंगाची धग.

मागच्या मंगळवारी बाबाला दवाखान्यात नेलं.
डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघत विचारलं, "भट्टीवर होता काय?"
"चौतीस वर्षं. क्युपोलाच्या तोंडाशी."
"मग हा भट्टीचाच मोतीबिंदू."

नुसत्या रंगावरून रस ओतायची वेळ सांगणारा वैजू धामणेकर
जन्मभर पांढऱ्या-पिवळ्याकडे बघत राहिला,
आणि पिवळ्याच्या मागून, लालच्याही मागून
हा माझा उजेड, माझ्या पगाराचा,
त्याच्या डोळ्यातलं भिंग हळूहळू शिजवत होता.
निळा चष्मा होता शेडमध्ये, दोघांत एक.
आज भीमशी, उद्या बाबा.

दवाखान्याच्या बाकावर मी लहरींची लांबी मोजत बसले.
त्याची वेगळी. माझी वेगळी, शंभरपट लांब.
म्हटलं तर चुलत.
चुलत म्हणजे घरचेच.

आज उजव्या डोळ्यावर पट्टी आहे.
मजगावात दहाच्या पुढे कुत्रीसुद्धा गप्प, एवढी थंडी.
"काय करुलालीस?"
मी सांगते: नकाशा, खोट्या रंगांचा,
बाहूंच्या कडेने, जिथं नवे तारे व्हायचेत,
तिथं लाल भरलंय.
"लाल कशाला? लाली नसतीच म्हणालीस की."
मला उत्तर सुचत नाही.

तो चाचपत हात पुढे करतो
आणि पडद्याच्या वीतभर अलीकडे थांबवतो. सवय.
"गार व्हायला किती दिस?"
कोटभर वर्षं, म्हणते मी, कमीजास्त.
"मग घाई करू नका म्हणावं.
लवकर फोडला साचा की तडा जातोय."

हात तसाच, लॅपटॉपची वाफ लागते तिथे.
बराच वेळ.
मग म्हणतो, "भीमशीला फोन लाव.
त्याचा बी डोळा दाखवायला पायजे."